गावाहून नागपूरच्या कॅफेत ब्रंचला जाताना: बुधवारच्या फोनपासून परतीच्या बसपर्यंत

रविवारी सकाळी साडेअकराला धरमपेठेतल्या एखाद्या चांगल्या चालणाऱ्या कॅफेसमोरून जाऊन पाहा. गावाकडून आलेलं एखादं तरी कुटुंब फुटपाथवर ताटकळत असतं. आबाजी दुसऱ्याच्या गाडीला टेकून उभे असतात, मोठी आई लेकराला बिस्कीट देऊन गप्प करत असते आणि नागपूरला शिकणारी पोरगी आत-बाहेर फेऱ्या मारत असते. पहाटे पाचला उठलेली माणसं असतात ही. बारा वाजून गेल्यावर टेबल मिळतं, प्रत्येक जण कार्डावर जे पहिलं दिसेल ते मागवतो, निम्मं ताटात राहतं आणि शेवटी बससाठी पळापळ होते. घरी परतल्यावर सगळे म्हणतात, त्यापेक्षा पोहे-तर्री खाल्ली असती तर बरं झालं असतं.

आमची पहिली खेप अशीच गेली. आमचं गाव काटोल तालुक्यात. आठ जण, फोन न करता, सणाच्या आठवड्यातला रविवार. त्यानंतर त्याच माणसांना घेऊन मी पाच वेळा गेले. प्रत्येक वेळी एकेक चूक काढून टाकली, तेव्हा कुठे क्रम बसला. काटोल, नरखेड, उमरेड, आर्वी, हिंगणघाटकडून सकाळी निघून, ब्रंच (म्हणजे न्याहारी आणि दुपारचं जेवण मिळून एकच खाणं) करून संध्याकाळच्या आत घरी यायचं असेल, तर खालचा क्रम मोडू नका.

## १. दिवस निवडा

जमत असेल तर शनिवार घ्या. रविवारी गर्दी जास्त असते आणि स्वयंपाकघरावर ताण असल्यामुळे ताटं उशिरा येतात. काही कॅफेंत ब्रंचचा मेनू फक्त शनिवार-रविवारी असतो, म्हणून मधला वार धरण्याआधी विचारून घ्या.

काही दिवस सरळ टाळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे जुन्या नागपुरातले रस्ते बंद असतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि त्या बाजूने गाडी पुढे सरकत नाही. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सिव्हिल लाइन्स आणि सदरच्या भागात बंदोबस्त असतो. एप्रिल-मे मध्ये म्हाताऱ्यांना नेऊच नका. पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी दीडला बसस्थानकावर उभं राहणं त्यांच्यासाठी धोक्याचं आहे.

आपल्याकडचं कामही पाहा. कापूस वेचणी जोरात असताना किंवा संत्र्याचा तोडा ठरलेला असताना घरातला कर्ता माणूस मनाने शेतातच असतो. कॅफेत बसून दर पाच मिनिटांनी फोन करतो.

तपासा: भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थी नाही ना? आमच्या दुसऱ्या खेपेला मामींचा उपवास निघाला आणि सगळे खात असताना त्या पाणी पीत बसल्या.

## २. बुधवारी किंवा गुरुवारी फोन करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक शनिवारी रात्री फोन करतात, तोवर टेबलं भरलेली असतात. फोनवर फक्त “टेबल आहे का” एवढं विचारून ठेवू नका. हे सगळं विचारा आणि कागदावर लिहून घ्या:

- ब्रंच किती वाजता सुरू होतं आणि शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात?
- मेनूतून निवडायचं आहे की माणशी ठरलेल्या पैशात बुफे आहे? बुफे असेल तर लहान मुलांचे किती?
- टेबल किती मिनिटं धरून ठेवाल? बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं धरतात. बसने येणाऱ्याने हे आधीच सांगून ठेवावं.
- पायऱ्या किती चढायच्या? बऱ्याच कॅफे जुन्या बंगल्यांत किंवा पहिल्या मजल्यावर असतात. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर तळमजल्यावरचंच टेबल मागा.
- पाठ टेकता येईल अशी खुर्ची आहे का? उंच स्टुलावर आपली म्हातारी माणसं बसू शकत नाहीत, आणि लाजेपायी तसं सांगतही नाहीत.

काही कॅफे शनिवार-रविवारी आधी टेबल राखून ठेवत नाहीत. येईल त्याचं नाव वहीत लिहितात. अशा ठिकाणी दार उघडण्याच्या वेळीच पोहोचा. पहिल्या फेरीत बसलात तर ताट लवकर येतं आणि वेटरलाही तुमच्याकडे पाहायला सवड असते.

सावधान: सहाच्या वर माणसं असतील तर नक्की आकडा सांगा. “पाच-सहा जण” म्हणून आठ जण गेलात तर दोन टेबलांवर वाटून बसावं लागतं. मग एका टेबलावर सगळी मोठी आणि दुसऱ्यावर सगळी पोरं बसतात.

## ३. मेनू घरीच वाचून काढा

कॅफेच्या मेनूचे फोटो मोबाइलवर मिळतात. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की सगळ्यांना घेऊन बसा आणि एकेक पदार्थ समजावून सांगा. हा अर्धा तास वाचवायला जाऊ नका. टेबलावर वेटर उभा असताना म्हातारं माणूस “तुम्ही मागवाल ते” एवढंच म्हणतं आणि नको ते त्याच्या पुढ्यात येतं.

ब्रंचच्या मेनूत हमखास दिसणारे पदार्थ असे.

एग्ज बेनेडिक्ट: भाजलेल्या गोल पावाच्या अर्ध्या तुकड्यावर पाण्यात शिजवलेलं, सालाविना अंडं आणि वरून हॉलंडेज सॉस. हा सॉस अंड्याचा बलक, लोणी आणि लिंबू यांचा असतो. आतला बलक मुद्दाम पातळ ठेवलेला असतो. ज्यांना कच्चटपणा चालत नाही त्यांच्यासाठी हे मागवू नका.

शाक्षुका: टमाटर, कांदा आणि ढोबळी मिरचीच्या दाट रश्श्यात सोडून शिजवलेली अंडी, सोबत पाव. आपल्या जिभेला सगळ्यात जवळचा पदार्थ हाच. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. तर्रीइतकं तिखट नसतं, पण “तिखट जास्त ठेवा” म्हटलं की बहुतेक ठिकाणी ऐकतात. वरून पेरलेली हिरवी पानं सांबारासारखी, म्हणजे कोथिंबिरीसारखी दिसतात. ती बहुधा पार्सली असते, चव वेगळी लागते.

सावरडो टोस्ट: नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या पिठाचा पाव. चवीला आंबूस आणि कडेने फार कडक. दातांचा त्रास असणाऱ्याने सावधपणे खावा.

अॅव्होकाडो टोस्ट: हे फळ लोण्यासारखं मऊ आणि चवीला सौम्य असतं. मीठ, लिंबू आणि मिरचीचे तुकडे घातल्याशिवाय आपल्याला फिकं लागणार. महागही असतं. चौघांत एक पुरे.

पॅनकेक आणि वॉफल: पॅनकेक म्हणजे जाड, फुगलेलं गोड धिरडं. वॉफल साच्यात भाजतात, चौकटीचौकटीचं दिसतं.

हमस: शिजवलेल्या काबुली चण्याचं तीळ, लिंबू आणि लसूण घालून केलेलं गुळगुळीत वाटण. सोबत पीटा नावाची मऊ रोटी. अंडं न खाणाऱ्यांसाठी आणि दात नसलेल्यांसाठी चांगली सोय.

आता अंड्याचा प्रश्न. घरात माळकरी किंवा शुद्ध शाकाहारी माणूस असेल तर मेनूतल्या हिरव्या खुणेवर विसंबू नका, पदार्थागणिक विचारा. पॅनकेक आणि वॉफलच्या पिठात बहुधा अंडं असतं. मेयोनेज अंड्याचं आणि बिनअंड्याचं, दोन्ही मिळतं. केक आणि तिरामिसूतही (कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचा मलईदार गोड पदार्थ) अंडं असू शकतं. काही परदेशी चीज, विशेषतः पार्मेझान, घट्ट करायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. चीज आणि जिलेटिनच्या (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात ते) पदार्थांबद्दल मोठ्या आईला आम्ही हे आधीच सांगितलं, आणि तिने आपणहून हमस आणि फळं निवडली. न सांगता खाऊ घालणं आणि नंतर कळणं, यात माणसाचा विश्वास जातो. ते मला कुठल्याही ब्रंचपेक्षा मोठं वाटतं.

तपासा: प्रत्येकाच्या नावापुढे दोन पदार्थ लिहिलेत का? एक हवा तो आणि एक तो नसेल तर चालेल तो.

## ४. पैशाचा हिशोब आधी मांडा

समजा चार जण आहात. चार ताटं ३५० रुपयांप्रमाणे १,४००. चार कॉफ्या १८० प्रमाणे ७२०. शेवटी वाटून एक गोड पदार्थ २८०. एकूण २,४००. त्यावर ५ टक्के जीएसटी १२० धरून २,५२० रुपये. तुमच्या कॅफेचे आकडे फोटोतून घेऊन असाच हिशोब कागदावर करा. बाटलीबंद पाणी, जास्तीचा पाव, बिनअंड्याचं करून देण्याचे जादा पैसे, यासाठी २०० ते ३०० वेगळे ठेवा.

पैसे कोण देणार हेही घरीच ठरवा. टेबलावर भाऊ-भाऊ बिलासाठी ओढाताण करतात, आणि ज्याला परवडत नाही तो मनातल्या मनात कुढतो.

## ५. आदली संध्याकाळ आणि सकाळची न्याहारी

गोठ्याची सोय आधी करा. दूध कोण काढणार, बैलांना पाणी कोण दाखवणार, हे शेजारच्या घरी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. घोर लागलेला माणूस चवीने खात नाही.

त्यानंतर पोटाचं पाहा. गावाकडे आठलाच भाजी-भाकर होते. ब्रंच साडेदहा-अकराला असतं. लोक दोन टोकांच्या चुका करतात. कुणी नेहमीसारखी दोन भाकरी खाऊन निघतो आणि तिथे घास जात नाही. कुणी “आज तिकडेच खायचं” म्हणून कडकडीत उपाशी निघतो. पाच तासांनी रिकाम्या पोटी काळी कॉफी पोटात गेली की पित्त उसळतं. आम्ही साडेसहाला चहासोबत एक केळं किंवा मूठभर फुटाणे एवढंच घेतो. अकरापर्यंत नीट भूक लागते.

सावधान: साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा बदल स्वतःच्या मनाने करू नये. जेवणाची वेळ पुढे जाणार असेल तर गोळीचं काय करायचं, ते आधी डॉक्टरांना विचारा. पिशवीत बिस्किटं आणि साखर असू द्या.

## ६. पोहोचणं

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. वयाचा पुरावा सोबत घ्या. आमचे आबाजी एकदा आधार कार्ड घरी विसरले आणि पूर्ण तिकीट काढावं लागलं.

काटोलहून दीड-पावणेदोन तास धरा, गावातून काटोलला यायचा वेळ वेगळा. टेबल साडेदहाचं असेल तर दहाला शहरात पोहोचणारी बस घ्या. गणेशपेठच्या बसस्थानकावरून सीताबर्डीपर्यंत ऑटो, तिथून मेट्रोच्या अॅक्वा लाइनने लोकमान्य नगरच्या दिशेने तिसरं स्थानक शंकरनगर चौक. धरमपेठ आणि रामदासपेठेच्या बाजूला जायला ते सोयीचं पडतं. स्थानकात लिफ्ट आहे, जिन्याची भीती नको. कॅफे सदरला असेल तर मेट्रोच्या भानगडीत पडू नका. काटोलकडून येणाऱ्यांनी कंडक्टरला विचारून अलीकडेच उतरावं, उलटा फेरा वाचतो.

तपासा: परतीच्या दोन बसच्या वेळा लिहून घेतल्या का? एक ठरलेली आणि एक ती चुकली तर. गावची शेवटची बस काटोलहून किती वाजता सुटते, खरा हिशोब तिथून मागे मोजायचा.

## ७. बसल्यावर आधी कॉफी

बसताच म्हाताऱ्या माणसांना भिंतीकडची, एसीच्या झोताबाहेरची जागा द्या. साधं पिण्याचं पाणी मागा. वेटरने न विचारता बाटली उघडली तर तिचे पैसे लागतात, म्हणून आधी सांगा, “भाऊ, साधं पाणी द्या.”

कॉफीबाबत गैरसमज फार आहेत, म्हणून जरा थांबून सांगते. एस्प्रेसो म्हणजे साधारण ३० मिली कडक, काळी कॉफी. एवढासा कप पाहून फसवल्यासारखं वाटतं, पण ती तेवढीच असते. अमेरिकानो म्हणजे त्यात गरम पाणी, दूध नाही. कॅपुचिनोत दूध आणि वर जाड फेस. लाटे नावाच्या कॉफीत दूध जास्त, चव सौम्य. चहा पिणाऱ्याने लाटे किंवा कॅपुचिनोच घ्यावी. कोल्ड ब्रू म्हणजे थंड पाण्यात बारा-पंधरा तास भिजवून काढलेली कॉफी. दूध-साखर घातलेली थंड कॉफी वेगळी.

“कॉफी थंडी आहे” ही तक्रार आमच्या प्रत्येक खेपेला झाली. त्यात कुणाची चूक नव्हती. चहा आपण उकळता पितो. कॅफेत दूध साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात, कारण त्याहून फार तापलं की त्याचा गोडवा कमी होतो आणि फेस बिघडतो. म्हणून ऑर्डर देतानाच “एक्स्ट्रा हॉट” सांगा. साखर घातलेली नसते, पुड्या टेबलावर असतात. ढवळण्याआधी एक घोट घेऊन मगच किती घालायची ते ठरवा.

## ८. ऑर्डर दोन फेऱ्यांत द्या

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. सगळं एकदम मागवू नका.

पहिल्या फेरीत दर दोन माणसांमागे एक तिखटमिठाचा पदार्थ मागवा आणि रिकाम्या ताटल्या जास्तीच्या मागा. चौघांसाठी एक शाक्षुका आणि एक हमस, एवढंच. ते संपत आलं की दुसरी फेरी: ज्याला जे आवडलं ते पुन्हा, किंवा घरून लिहून आणलेलं दुसरं. गोड सगळ्यात शेवटी आणि तेही वाटून. आमच्या पहिल्या खेपेत आठही ताटं एकदम आली, टेबलावर कप ठेवायला जागा उरली नाही, पॅनकेक आधी संपले आणि नंतर कुणालाच अंडं जाईना.

गर्दीच्या दिवशी एका फेरीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणून दुसरी ऑर्डर ताट रिकामं होण्याची वाट न पाहता, निम्मं संपल्यावर द्या.

तपासा: वेटरने ऑर्डर परत वाचून दाखवली का? कुठलं बिनअंड्याचं, कुठलं जास्त तिखट, कुठली कॉफी जास्त गरम, हे त्याच्या तोंडून ऐका.

## ९. खाताना

फोटो काढायचा तर एक मिनिटात काढा. अंड्याचे पदार्थ थांबत नाहीत. हॉलंडेज सॉस गार झाला की वर साय धरल्यासारखा घट्ट होतो आणि पातळ बलकही गोठत जातो. बेनेडिक्ट मधोमध कापा, बलक पावात मुरू द्या, आणि लगेच खा.

काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात. जमत नसेल तर सरळ हाताने खा. पाव आणि पीटा हातानेच तोडतात, शहरातली माणसंही तसंच खातात.

सावरडोच्या कडेचं आबाजींनी मला शिकवलं. त्यांचे पुढचे दात नाहीत. पहिला तुकडा त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला आणि हळूच रुमालात काढला. मग मी सुरीने चारी कडा कापल्या, मधला मऊ भाग शाक्षुकाच्या रश्श्यात दाबला आणि वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी दोन मिनिटं त्याला हात लावला नाही. नंतर वरणात भाकर चुरतात तशी बोटांनी तो चुरला, अंड्याचा तुकडा त्यात घेतला आणि वाटी पुसून खाल्ली. “आंबट लागते, पण बरी लागते,” म्हणाले. तेव्हापासून त्यांच्यासाठी आम्ही कडा कापूनच द्यायला सांगतो. स्वयंपाकघरातून आनंदाने करून देतात.

## १०. बिल

बिल आलं की तीन गोष्टी पाहा. मागवलं तेवढंच लिहिलंय का. जीएसटी ५ टक्के आहे का, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. मोठ्या हॉटेलांच्या आतल्या रेस्टॉरंटांत तो १८ टक्के असू शकतो. आणि “सर्व्हिस चार्ज” नावाची ओळ आहे का.

सर्व्हिस चार्ज द्यायची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. आवाज न चढवता “हा काढून द्या” म्हणा. एका ठिकाणी आम्हाला “हे सगळ्यांनाच लागतं” असं सांगितलं गेलं. पुन्हा शांतपणे म्हटल्यावर काढून दिलं. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. वेटरने मन लावून केलं असेल तर खुशीने त्याच्या हातात वेगळे पैसे द्या.

## ११. परतताना

साडेबाराला बिल मागा, एकच्या आत उठा. गप्पा रंगल्या असतील तर बाहेर झाडाखाली चालू ठेवा. तुमच्यासारखंच कुणी तरी दारात उभं असतं.

उरलेलं बांधून घेताना निवड करा. पाव, केक, कोरडं वॉफल चालतं. बेनेडिक्ट, मेयोनेजचं सँडविच किंवा मलईचा पदार्थ बसमध्ये नेऊ नका. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एक तासही पुष्कळ झाला. गावी पोहोचेपर्यंत आपले तीन तास सहज जातात.

घरी आल्यावर त्याच रात्री, आठवण ताजी असताना, कुणाला काय आवडलं ते शुक्रवारच्या कागदावर लिहून ठेवा. आमच्याकडे तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. मोठ्या आईच्या नावापुढे हमस आणि पपई, मामींच्या पुढे “चतुर्थी पाहणे”, आणि आबाजींच्या पुढे: शाक्षुका, पावाच्या कडा काढून, लाटे जास्त गरम, साखर दोन पुड्या.